ट्युरिनची 33 पदके आणि पॅरालिम्पिकचा घोळ

मार्च 2025 मध्ये इटलीतील ट्युरिन येथे स्पेशल ऑलिम्पिकच्या जागतिक हिवाळी स्पर्धा झाल्या. भारताला तेथे 8 सुवर्ण, 18 रौप्य आणि 7 कांस्य अशी 33 पदके मिळाली. तेव्हापासून एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येते: ‘हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये भारताला 33 पदके.’ हे साफ चूक आहे. 1976 मध्ये स्वीडनमधील अर्नशोल्ड्सविक येथे हिवाळी पॅरालिम्पिक सुरू झाले. तेव्हापासून 2022 च्या बीजिंगपर्यंत अशा 13 स्पर्धा झाल्या आणि त्यांपैकी एकीतही भारताचा खेळाडू उतरला नव्हता. मग पदके कुठून येणार?

दोन्ही चळवळी मुळापासून वेगळ्या आहेत. पॅरालिम्पिक ही मुख्यतः शारीरिक दिव्यांगत्व किंवा दृष्टिदोष असलेल्या निवडक खेळाडूंची सर्वोच्च पातळीवरची स्पर्धा असून पात्रतेचे निकष पूर्ण केल्याशिवाय तिथे प्रवेश मिळत नाही. सातारा-सांगलीकरांना तिचा परिचय आहे. कोयनानगरहून कऱ्हाड ओलांडून महामार्गाला लागले की पुढे पेठ येते. तेथील मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक जिंकले. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या. आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी 2024 मध्ये पॅरिसला गोळाफेकीत 16.32 मीटरची फेक करून रौप्य मिळवले. ही दोन्ही पदके उन्हाळी पॅरालिम्पिकची आहेत.

स्पेशल ऑलिम्पिक मात्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने 1968 मध्ये शिकागोत तिची सुरुवात झाली आणि 1977 मध्ये कोलोरॅडोत पहिल्या हिवाळी स्पर्धा झाल्या. पॅरालिम्पिकमध्येही पूर्वी बौद्धिक दिव्यांगत्वाचा गट होता; पण सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनच्या बास्केटबॉल संघात दिव्यांगत्व नसलेले खेळाडू घुसवल्याचे उघड झाल्यावर बौद्धिक गट पॅरालिम्पिकमधून वगळला गेला. 2012 मध्ये लंडनला अॅथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस या तीन खेळांत तो परतला. हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये मात्र त्यानंतरही बीजिंगपर्यंत या खेळाडूंसाठी एकही गट नव्हता. म्हणूनच ट्युरिनचे महत्त्व मोठे आहे आणि त्यावर दुसऱ्याच स्पर्धेचे नाव चिकटवणे हा त्या खेळाडूंवर अन्याय आहे.

‘तिथे सगळ्यांनाच पदक मिळते’ हा शेराही याच घोळातून येतो. स्पेशल ऑलिम्पिकच्या नियमावलीनुसार वय, लिंग आणि प्राथमिक फेरीतील कामगिरी पाहून खेळाडूंचे छोटे गट पाडले जातात. एका गटात जास्तीत जास्त आठ जण असतात आणि त्यांच्या कामगिरीतील फरक साधारण 15 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. पदके पहिल्या तिघांनाच, चौथ्यापासून आठव्यापर्यंत फिती. सोप्या गटात जाण्यासाठी प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावणारा अंतिम फेरीत ठरावीक मर्यादेपलीकडे सुधारला, तर बाद होऊ शकतो. गट अनेक असल्याने एकाच शर्यतीत अनेक सुवर्णपदके दिली जातात. त्यामुळे या 33 पदकांची तुलना पॅरालिम्पिकच्या पदकतालिकेशी करता येत नाही. पण कमी लेखण्याचेही काही कारण नाही.

किरकोळ गैरसमज आणखी आहेत. कर्णबधिर खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये नसतात. त्यांच्या डेफलिम्पिकची हिवाळी स्पर्धा 1949 पासून वेगळी होते. हिवाळी पॅरालिम्पिकच्या स्कीइंगमध्ये घड्याळात सर्वांत कमी वेळ नोंदवणारा जिंकेलच असे नाही, कारण प्रत्यक्ष वेळेला दिव्यांगत्वाच्या वर्गानुसार ठरलेल्या टक्केवारीने गुणले जाते. दृष्टिहीनांना नेमबाजी जमणार नाही, हेही खोटे. बायथलॉनमध्ये ते आवाजाच्या आधाराने नेम धरतात.

राहिला बर्फाचा प्रश्न. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळतो, बर्फ पडत नाही, म्हणून हिवाळी खेळ आपले नव्हेत असे ठरवून टाकले जाते. पण ट्युरिनच्या आठ खेळांत फ्लोअरबॉल आणि डान्सस्पोर्टही होते आणि त्यांना बर्फ लागत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या आठव्या वर्षापासून स्पेशल ऑलिम्पिकच्या स्पर्धांत उतरता येते, वरची वयोमर्यादा नाही. अशा मुलांच्या पालकांनी आणि शिक्षकांनी पॅरालिम्पिक समितीकडे नव्हे, तर स्पेशल ऑलिम्पिक भारतच्या महाराष्ट्र शाखेकडे चौकशी करावी.