गव्हाणीभोवतीचे गाव

ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्याच्या प्रथेचा उगम परंपरा ज्या स्थळी दाखविते, ते इटलीतील ग्रेच्चो हे एक डोंगरी खेडे होय. इसवी सन १२२३ च्या नाताळरात्री असिसीच्या संत फ्रान्सिसने, बेथलेहेमच्या बालकाने सोसलेले दैन्य चर्मचक्षूंनी पाहावे या उत्कंठेने, तेथे गवताने भरलेली गव्हाण मांडविली, जिवंत बैल व गाढव आणविले आणि त्या गव्हाणीपाशीच उपासनाविधी करविला. शुभवर्तमानांतील जन्मकथेत या जनावरांचा उल्लेख नाही. यशयाच्या ग्रंथातील एका वचनावरून ती भाविकांच्या कल्पनेत फार पूर्वीच स्थिरावली होती. मशाली घेऊन पंचक्रोशीतून आलेले ग्रामस्थ हेच त्या सोहळ्याचे खरे वैभव.

पुढे त्याच शतकाच्या अखेरीस आर्नोल्फो दि काम्बिओ या शिल्पकाराने रोममधील सांता मारिया माज्जोरे या चर्चसाठी संगमरवरी मूर्ती घडविल्या. परंतु या कलेचा परमोत्कर्ष झाला तो अठराव्या शतकातील नेपल्समध्ये. बुर्बोंवंशीय राजा चार्ल्स याला तिचा छंद जडताच दरबारी सरदारांतही अहमहमिका लागली. तारेच्या सांगाड्यावर वाख गुंडाळून केलेले शरीर, भाजलेल्या मातीचे मस्तक, काचेचे डोळे, लाकडी हातपाय आणि अंगावर अस्सल रेशीम, असा त्या बाहुल्यांचा थाट असे. जुझेप्पे सानमार्तीनोसारखे नामांकित मूर्तिकार त्यांचे चेहरे घडवीत. गव्हाणीभोवती मासळीवाले, खानावळवाले, भाजीवाल्या आणि भिकारी यांच्यासह नेपल्सची अवघी पेठ वसे. मिकेले कुचिनिएल्लो याने १८७९ मध्ये दान केलेला असा संग्रह तेथील सान मार्तीनोच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो.

फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या धामधुमीत चर्चेस बंद पडली, तेव्हा प्रोव्हान्स प्रांतातील लोकांनी हा देखावा घरात नेला. मार्सेय येथील झाँ-लुई लान्येल याने साच्यातून काढलेल्या मातीच्या मूर्ती गरिबालाही परवडू लागल्या आणि त्यांत पाणक्या, चाकूंना धार लावणारा, कोळीण अशी गावची माणसे अवतरली. गोव्यातही नाताळापूर्वी नाचणी पेरून तिचे कोवळे अंकुर गोठ्याभोवती मांडण्याची चाल काही घरांतून आढळते.

पवित्र प्रसंगाभोवती हा बाजार कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ज्या जन्माची वार्ता राजदरबाराआधी रानातल्या मेंढपाळांना कळली, त्याच्या देखाव्यात प्रत्येक मुलखाने आपल्या कष्टकऱ्यांना गव्हाणीजवळची जागा द्यावी, हेच मला त्या कथेचे सर्वांत प्रामाणिक निरूपण वाटते.