सकाळी सांगून ठेवायचं जेवण

बोर्ली पंचतन सोडून दिवेआगरच्या रस्त्याला लागलं की हल्ली पाट्या सुरू होतात. ‘घरगुती जेवण’, ‘अस्सल घरगुती’, ‘शुद्ध घरगुती’. फ्लेक्सवर पापलेटचा रंगीत फोटो आणि त्याखाली पनीर टिक्का, मंचुरियन, चिकन तंदुरी, सुरमई थाळी. शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास गाड्या या पाट्यांपाशी थांबतात, काच खाली होते, दर विचारला जातो आणि गाडी पुढे सरकते. सुरमई थाळीचा आकडा चौघांच्या कुटुंबाला झेपत नाही. मग दोन थाळ्या चौघांत वाटून घ्यायच्या, नाहीतर किनाऱ्यावरच्या गाडीवर वडापाव आणि मॅगी खाऊन पाण्याकडे वळायचं. समुद्र पाचशे पावलांवर, आणि पोटात मॅगी.

याच दिवेआगरात एके काळी मध्यमवर्गीय माणूस पोटभर, चवीचं आणि खिशाला परवडेल असं जेवत होता. तो काळ फार जुना नाही. त्या जेवणाच्या आठवणी असलेली माणसं आज पन्नाशीत आहेत.

त्याआधीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मुंबईकरांचा समुद्र म्हणजे अलिबाग-मुरुड. भाऊच्या धक्क्यावरून रेवस गाठायचं आणि पुढे एसटी. श्रीवर्धन तालुक्यात बाहेरची माणसं यायची ती मुख्यतः हरिहरेश्वरला, काळभैरवाच्या दर्शनाला आणि दिवसकार्यासाठी. त्यांचं जेवण उपाध्यांच्या घरी होई. श्रीवर्धनला एसटी स्टँडजवळ उसळ-पाव आणि राइस प्लेट मिळायची, तिच्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही आणि कौतुकही केलं नाही. याच तालुक्यातल्या शेखाडीचं नाव बाहेरच्या जगाला कळलं ते १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासात, कारण स्फोटकं तिथल्या किनाऱ्यावर उतरली होती. अशा भागात कुणी सुट्टीला जाईल असं तेव्हा वाटत नव्हतं.

मग १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, संकष्टीच्या दिवशी, दिवेआगरमधल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता, किलोहून अधिक वजनाचा, आणि दागिने. बातमी पसरली आणि सुवर्णगणेशाच्या दर्शनाला रांगा लागल्या. ज्या गावाचं नाव तोवर ताम्रपटांच्या अभ्यासकांनाच ठाऊक होतं (इथला शके ९८२ चा ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या लेखांत मोजला जातो), तिथे रविवारी शे-दोनशे माणसं भुकेली उभी राहू लागली. हॉटेल एकही नव्हतं.

हॉटेल नव्हतं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

देवळाच्या आसपासच्या घरांत माणसं विचारत जायची, काही खायला मिळेल का. घरातल्या बाईने दोन-चार पानं जास्त वाढली. पुढच्या आठवड्यात त्या माणसाने आणखी चौघांना पाठवलं. वर्ष-दोन वर्षांत पडवीत टेबलं आली, परसात न्हाणीघर बांधलं गेलं, माडीवरच्या दोन खोल्या राहायला मिळू लागल्या. ताम्हिणी घाटातून माणगावला उतरून म्हसळामार्गे येणारा रस्ता पुणेकरांना सोयीचा झाला. शनिवार-रविवार सुट्टी देणाऱ्या कंपन्या पुण्यात वाढत होत्या आणि सुमो-क्वालिस भाड्याने मिळत होत्या. दिवेआगरच्या खानावळवाल्यांच्या फोन नंबरांचे कागद पुण्याच्या कचेऱ्यांतून हाताहाती फिरू लागले.

या खानावळींची रीत ठरलेली होती. आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर फोन करायचा. पलीकडून पहिला प्रश्न यायचा, “किती पानं धरू?” दुसरा, “मोदक किती?” एकाला दोन की तीन, लहान मुलं किती, कुणाचा उपास आहे का, हे सगळं तेव्हाच सांगायचं. काय जेवायचं हे विचारण्याची पद्धत नव्हती. वाडीत केळफूल असेल तर केळफुलाची भाजी, फणस असेल तर फणसाची, नाहीतर वालाचं बिरडं. आमटी, भात, साजूक तूप, पोह्याचा पापड, सांडगी मिरची, सोलकढी किंवा मठ्ठा, आणि पानात एकामागून एक पडणारे उकडीचे मोदक. एक ते दोनच्या दरम्यान यायचं. उशीर झाला तर काकू ऐकवायच्या आणि तरीही गरम वाढायच्या.

मासे खाणाऱ्यांची सोय थोडी उशिरा झाली आणि गावाच्या दुसऱ्या अंगाला झाली. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण आठवणी लिहिणारे बहुतेक जण ते गाळतात. गणपतीमुळे आलेला पाहुणा आधी ब्राह्मण आळीत जेवला. माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी मिळायची ती कोळी, भंडारी, आगरी घरांत, आणि तिथवर पाहुण्याला पोचायला काही वर्षं लागली. त्या काळच्या पर्यटन लेखांत मोदकावर परिच्छेदच्या परिच्छेद आहेत. शेजारच्या भरडखोलच्या मांदेलीवर ओळसुद्धा क्वचित सापडते. हा लिहिणाऱ्यांचा आळस आणि आवडनिवड होती, त्या घरांच्या हाताची कमतरता नव्हती.

तिथलं जेवणही सांगून ठेवल्यावरच व्हायचं. भरडखोलला होड्या लागल्या की जे आलं असेल त्यातलं माणसं मोजून घ्यायचं. बांगडा आला तर बांगडा, बोंबील आले तर बोंबील, एखाद्या दिवशी नुसत्या तिसऱ्या आणि जवळा. सुरमई मिळालीच पाहिजे असा हट्ट कुणी धरत नसे, कारण धरून उपयोग नव्हता. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पानात सुकट आणि वाल असायचे. मिरची-हळदीचा मसाला घरचा, कोकम दारचं, भाकरी चुलीवरची. लहान मासा स्वस्त असतो आणि ताजा असेल तर पापलेटाला हार जात नाही, हे शहरातून आलेल्या कितीतरी माणसांना पहिल्यांदा अशा पडव्यांत कळलं.

जेवण स्वस्त होतं. सुरुवातीच्या वर्षांत शंभराच्या नोटेत दोघं जण शाकाहारी जेवून उठायचे. पण ते का परवडत होतं, हे समजून घेतल्याशिवाय आज का परवडत नाही, ते कळणार नाही.

जागा घरची, म्हणून भाडं नाही. नारळ वाडीतला, केळीची पानं परसातली, तांदूळ बऱ्याच घरी स्वतःच्या शेतातला. पानं मोजून स्वयंपाक, म्हणून नासाडी नाही. फ्रीजर नाही, म्हणून विजेचं बिल नाही आणि शिळंही नाही. मेनूकार्ड नाही, म्हणून ऐंशी पदार्थांचं सामान भरून ठेवायला नको. उरलेला सगळा हिशेब एका माणसाच्या अंगावर होता, आणि ती घरातली बाई होती. पहाटे चारला उठून नारळ खवणारी, शंभर-दीडशे मोदकांच्या पाऱ्या हाताने करणारी, दुपारी तीनला सगळ्यांची पानं उचलून झाल्यावर स्वतः जेवणारी. तिच्या श्रमाची किंमत थाळीच्या दरात धरलेलीच नव्हती. स्वस्ताईचं कौतुक करणाऱ्यांनी तेव्हा हे लिहायला हवं होतं. त्या पैशातून मुलांची शिक्षणं झाली, काही घरांत पहिल्यांदाच बाईच्या हातात रोख पैसा आला, हेही तितकंच खरं. पण तिची सून हे काम त्या भावात करणार नाही, हे तेव्हाच दिसत होतं, आणि तिने ते का करावं?

पाहुण्यांचाही हिशेब बाकी आहे. वीस पानं सांगून बारा जणच आले. चार जणांचं सांगून अकरा आले आणि वर तक्रार केली. मोदक मोजून घेतले आणि दरात घासाघीस केली. पिऊन पडवीत बसले. “काहीतरी तिखट, पंजाबी मिळेल का?” असं विचारणारे आले आणि त्यांचं ऐकलं गेलं, तिथून पनीरचा प्रवेश झाला. फोन न करता दारात उभं राहून लगेच जेवण मागणारा गिऱ्हाईक वाढला, तेव्हा आयतं तयार ठेवणं भाग पडलं. आयतं ठेवायचं तर फ्रीजर हवा, फ्रीजर घेतला की तो भरायला हवा, आणि भरलेला फ्रीजर फुकट चालत नाही.

२४ मार्च २०१२ च्या पहाटे दिवेआगरच्या देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचे खून झाले आणि मुखवटा चोरीला गेला. पुढे आरोपी सापडले, पण सोनं वितळवलेलं होतं. गावाला हा घाव दोन्हीकडून बसला. श्रद्धेचं ठिकाण गेलं आणि त्याबरोबर दुपारची पंगतही ओसरली. देवदर्शनाला येणारं कुटुंब, आजी-आजोबांसकट येणारं, मोदकासाठी थांबणारं, ते आटलं. त्यांच्या जागी आलेला पाहुणा किनाऱ्यासाठी आला. त्याला वॉटर स्पोर्ट्स हवे होते, एसी खोली हवी होती आणि रात्री साडेदहाला तंदुरी हवी होती. त्याची मागणी गैर नव्हती. पण त्या मागणीला खानावळ पुरी पडणं शक्य नव्हतं. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी रिसॉर्ट बांधलं, ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी जागा विकली किंवा चालवायला दिली. नव्या कोऱ्या हॉटेलांनी एकच गोष्ट जुन्या खानावळीकडून घेतली, ती म्हणजे पाटी.

त्यानंतरची सात-आठ वर्षं एकसारखी गेली. खोल्या वाढल्या, दर वाढले, बुकिंगच्या ॲपचं कमिशन आलं, जीएसटी आला, आचारी बाहेरून आले. पानाची जागा स्टीलच्या कप्प्यांच्या ताटाने घेतली.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. तेव्हा बातम्या आल्या त्या उडालेल्या पत्र्यांच्या आणि पडलेल्या विजेच्या खांबांच्या. पत्रे महिन्याभरात बसतात. पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, माडालाही जवळपास तेवढीच. खानावळीचा नारळ फुकट होता तो या वाडीमुळे, आणि वाडीच नाहीशी झाली. काहींनी पुन्हा रोपं लावली. काहींनी मोकळ्या झालेल्या जागेत खोल्या बांधल्या, कारण बँकेचा हप्ता सात वर्षं थांबत नाही. वादळग्रस्तांना भरपाई मिळाली, ती त्या वाडीवर किती चुली अवलंबून होत्या हे पाहून दिलेली नव्हती. नारळाच्या गावात आज नारळ विकत आणून सोलकढी केली जाते, आणि २०२५ साली नारळ-खोबऱ्याचे भाव कुठे गेले होते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे.

समुद्रानेही हात आखडता घेतला आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अहवालानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे २ लाख टनांवर घसरली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षीच्या वादळांचा त्यात वाटा होता, तसा बेसुमार मासेमारीचा आणि कोवळी पिल्लं जाळ्यात ओढण्याचाही होता. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला, तो जपला जावा म्हणून, राज्यमासा घोषित केलं. तरीही हातभर रुंदीच्या फ्लेक्सवर फोटो पापलेटचाच असतो, भर जुलैतही, आणि गिऱ्हाईक तो ताजा समजून मागवतो. बांगड्याचं आणि मांदेलीचं ताट मेनूत शोधावं लागतं. सगळ्यांनी दोन-तीन जातींचेच मासे मागायचे आणि मग थाळी महाग झाली म्हणून ओरडायचं, हे बंद झालं पाहिजे.

नव्याने घडवलेल्या मुखवट्यासह सुवर्णगणेशाची २३ नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा प्रतिष्ठापना झाली. दर्शनाला गर्दी परतली आहे. रस्ते, किनाऱ्याचं सुशोभीकरण, दिव्यांचे खांब यांवर खर्च होतो आणि त्याची उद्घाटनं होतात. घरगुती खानावळीसाठी मात्र काही ठोस ठरलेलं नाही. चार घरांना मिळून एक शीतपेटी, पडलेल्या वाडीच्या पुनर्लागवडीसाठी पीक येईपर्यंतचा आधार, काम करणाऱ्या बायकांना मजुरी धरून ठरवलेला रास्त दर, ‘घरगुती’ ही पाटी कुणी लावायची याचा ग्रामपंचायतीचा साधा नियम. यातलं काहीही अशक्य नाही. निवास-न्याहारी योजनेत खोल्यांची नोंदणी होते, तशी चुलींचीही होऊ शकते.

कारण दिवेआगरला, आरावीला, श्रीवर्धनला, हरिहरेश्वरला अशी काही घरं अजून तग धरून आहेत. त्यांच्या पाट्या लहान आहेत, काहींना पाटीच नाही. दर तिथेही वाढले आहेत आणि वाढायलाच हवे होते, तरी ते रिसॉर्टच्या थाळीपेक्षा पुष्कळ कमी आहेत. जाणाऱ्याने आदल्या दिवशी फोन करावा, किती पानं ते नीट सांगावं, सांगितली तेवढी माणसं घेऊन वेळेवर जावं, त्या दिवशी जो मासा आला असेल तो खावा, आणि दर विचारून घासाघीस न करता द्यावा. पावसाळ्यात पापलेट मागू नये.

या घरांतल्या बहुतेक काकू-मावश्या आता साठीच्या पुढे आहेत. आणखी दहा वर्षांनी फोन उचलायला तिथे कुणी असेल की नाही, हे पुढच्या दोन-चार हंगामांतच ठरेल.