थकलेल्या बैलाचा हिशेब

काटोल म्हटले की संत्रे आठवते. पण याच मुलखात, नागपूर-वर्ध्यापासून छिंदवाड्यापर्यंत, गवळाऊ ही पांढरी, सडपातळ, पायाने चपळ जात वाढली. गाय एका वेतात ६०० लिटरांच्या आसपास दूध देते. तेवढ्यावर घर चालत नाही. गवळाऊचे खरे पीक म्हणजे गोऱ्हा. तो आखरातून निघणाऱ्या कळपाबरोबर पडीत रानात चरे, घरी कुटारावर भागे. औताला शिकवून त्याची जोडी बाजारात नेली की पैसा हाती येई. भांडवल थोडे, श्रम पुष्कळ.

थकलेला बैल विकून नव्या जोडीत भर घालायची, हा जुना व्यवहार. १९७६ च्या कायद्याने गोहत्या बंद झाली, तरी निकामी बैल दाखला घेऊन कसायाला देता येई. २०१५ च्या दुरुस्तीने तेही थांबले. स्कॉटलंडच्या डोंगरांत लांब केसांची हायलंड गुरे अशीच गवतावर वाढतात, पण तिथे मांस हेच उत्पन्न. आपल्याकडे ते दार बंद, आणि औत ट्रॅक्टरने नेले. उरले शेण, ते बागाईतदार घेतो, आणि भावही बहुधा तोच ठरवतो!

धर्माचे ज्याचे त्याने पाहावे. मी मजुरीचा हिशेब करणारा माणूस. निवृत्त कामगाराला फंड मिळतो. बैलाच्या म्हातारपणाची वैरण मात्र एकट्या कास्तकाराच्या माथी. २०२४ मध्ये सरकारने गोशाळांतील देशी गायीमागे दररोज ५० रुपये मंजूर केले. कास्तकाराच्या गोठ्यातला बैल त्या यादीत नाही. तो घालावा, ही मागणी तालुक्यातून गेली पाहिजे.