पागेतले डास: आधी हौद उपसा
पावसाळी उबेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून घोड्यांचा हौद दर चार दिवसांनी पूर्ण उपसावा आणि कडा घासाव्यात. काही जातींची अंडी तिथेच चिकटलेली असतात. उपसता न येणाऱ्या टाक्यात गप्पी मासे सोडावेत. डास उडण्यात कच्चे, त्यामुळे पंख्याचा झोत फार उपयोगी. वायर मात्र घोड्याच्या तोंडापासून लांब हवी. बंद पागेत धुरी नकोच, घोड्याची फुप्फुसं नाजूक असतात आणि शेजारी पेंढा असतो. सगळ्यात महत्त्वाचं: गुरांच्या गोचिडांवरचं अमिट्राझ घोड्यावर कधीही फवारू नका. त्याने आतड्यांची हालचाल मंदावून जीवघेणा पोटशूळ उठू शकतो. कोणतंही औषध लावण्याआधी पशुवैद्यांना विचारा.