पिवळ्या कॅमेलियाच्या सावलीत

हे फूल बघायचं तर झाडाखाली वाकावं लागतं. पिवळा कॅमेलिया आखूड देठावर, खाली तोंड करून, जाड पानांच्या आड फुलतो. पाकळी बोटांत धरली की मेण चोळल्यासारखी तुकतुकीत लागते आणि मधला पुंकेसरांचा झुबका बोटाला पिवळी पूड लावून मोकळा होतो. दक्षिण चीनमधल्या क्वांगशीत, व्हिएतनामच्या सीमेलगतच्या फांगछंग भागात, या फुलांचा हंगाम ऐन थंडीचा. तेव्हा कीटक कमी, म्हणून परागीभवनाला शिंजीर येतात. आपल्याकडच्या शिंजिरांचेच ते भाऊबंद.

चहाच्याच कुळातलं हे झाड. बागांमधल्या कॅमेलियांत लाल, गुलाबी, पांढरा सगळे रंग होते. गडद पिवळा तेवढा नव्हता. त्यामुळे याचा बोभाटा झाला आणि रानातली रोपं, बिया ओरबाडल्या गेल्या. 1986 साली फांगछंगला खास या झाडांसाठी राखीव वन झालं. आज चहासाठी बाजारात येणारी वाळवलेली फुलं मुख्यतः लागवडीची असतात.

लागवडीतही घाई चालत नाही. बियांपासून वाढवलं तर फुलं यायला कित्येक वर्षं जातात, म्हणून कलमं करतात. खुंट बहुधा तेलाच्या कॅमेलियाचा, ज्याच्या बियांचं तेल तिथे स्वयंपाकात वापरतात. खुंटाला चीर, कलमकाडीला पाचरीसारखा छाट, साली जुळवून घट्ट पट्टी. कोकणातल्या कलमवाल्याला यात काही नवीन वाटणार नाही. नवीन वाटेल ती सावलीची हौस: हे मूळचं दाट झाडीखालचं झुडूप, उघड्या उन्हात पानं करपतात. त्यामुळे मोठ्या झाडांखाली, नाहीतर शेडनेटमध्येच ते वाढवावं लागतं.

तोडणी हातानेच, एकेक फूल. पाकळी दुमडली की तिथे तपकिरी डाग पडतो आणि फुलाचा भाव उतरतो. साध्या उष्णतेवर वाळवलं तर रंग काळपटतो, म्हणून चांगला माल आधी गोठवून मग निर्वात यंत्रात सुकवतात. बर्फाची थेट वाफ होते, आकार आणि पिवळेपणा टिकतो. असं फूल हातावर घेतलं तर वजनच जाणवत नाही. काचेच्या पेल्यात गरम पाणी ओतलं की ते हळूहळू पुन्हा उमलतं. पाणी फिकट पिवळं, चव सौम्य, किंचित गोडसर. चहाची तलफ असणाऱ्याची त्यावर भागायची नाही.

मला वाटतं, गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मुख्यतः या उमलण्याचे. औषधी गुणांची बाजू त्यामानाने लंगडी आहे. फुलांत फ्लेव्होनॉइड आणि पॉलिफेनॉल भरपूर असतात हे खरं, पण साखर नि कोलेस्टेरॉल उतरवण्याचे दावे बरेचसे उंदरांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांवर उभे आहेत. चीनच्या आरोग्य मंत्रालयाने 2010 साली याला मान्यता दिली ती ‘नवं अन्न’ म्हणून. तीही दिवसाला 20 ग्रॅमपर्यंत. तान्ह्या मुलांचं अन्न वगळून. लोकवैद्यकात पानांचा काढा आवेवर देत आले आहेत. पानांचाही चहा विकला जातो, पण डब्याच्या झाकणावर चित्र फुलाचंच असतं.