गीतरामायणाचे महोत्सव

गीतरामायण ही ग. दि. माडगूळकर यांनी रचलेली आणि सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केलेली ५६ गीतांची मालिका होय. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात तिचे प्रसारण झाले. आरंभ आणि समाप्ती हे दोन्ही दिवस रामनवमीचे होते. त्यामुळे या मालिकेचे वर्धापन तारखेप्रमाणेच तिथीनेही साजरे होते. १९७९ मधील रौप्य महोत्सव, २००५ मधील सुवर्ण महोत्सव आणि २०१८-१९ मधील दोन्ही निर्मात्यांची जन्मशताब्दी हे या परंपरेतील प्रमुख टप्पे होत.

पार्श्वभूमी

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड हे माडगूळकरांचे स्नेही होते. मनोरंजनाबरोबर संस्कारही घडवील असा एखादा दीर्घ कार्यक्रम नभोवाणीवर व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यातून वाल्मीकिरामायणाची कथा गीतांच्या रूपाने सांगण्याची कल्पना पुढे आली. कुश आणि लव प्रत्यक्ष श्रीरामांसमोर रामकथा गातात, या प्रसंगाने मालिकेचा प्रारंभ होतो आणि वाल्मीकींनी त्या बालकांना केलेल्या उपदेशाने तिचा शेवट होतो. पहिल्या गीताची चाल भूप रागावर, तर अखेरच्या गीताची भैरवीवर आधारलेली आहे.

पहिल्या गीताविषयी एक आठवण नेहमी सांगितली जाते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गीताचा कागद सापडेना. तेव्हा लाड यांनी माडगूळकरांना एका खोलीत बसवून दार बाहेरून लावून घेतले आणि त्यांनी अल्पावधीत ते गीत पुन्हा लिहून दिले.

तिथी, तारीख आणि ५६ गीते

मूळ योजना वर्षभराची, म्हणजे ५२ गीतांची होती. प्रत्यक्षात गीते ५६ झाली. याचे कारण पंचांगात आहे. शके १८७७ मध्ये भाद्रपद अधिक मास आला. त्यामुळे एका रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंतचे अंतर नेहमीच्या सुमारे ३५४ दिवसांऐवजी ३८४ दिवसांचे झाले. नवे गीत शुक्रवारी सकाळी प्रथम प्रसारित होई. १ एप्रिल १९५५ हा शुक्रवार होता. तेथून १३ एप्रिल १९५६ पर्यंत ५५ शुक्रवार येतात. १९ एप्रिल १९५६ ची रामनवमी गुरुवारी होती. ती मिळवली की ५६ ही संख्या पूर्ण होते. अधिक मास आला नसता तर याच हिशेबाने ५२ गीतांवर मालिका संपली असती.

वर्धापन मोजतानाही हा दुहेरी हिशेब उपयोगी पडतो. रामनवमी दरवर्षी इंग्रजी तारखेप्रमाणे मागेपुढे सरकते. चांद्र आणि सौर गणना साधारण १९ वर्षांनी पुन्हा जुळतात. त्यामुळे १९९३ आणि २०१२ या वर्षी रामनवमी १ एप्रिललाच आली. इतर वर्षी मात्र आरंभाची तारीख आणि तिथी वेगवेगळ्या दिवशी पडतात. ५ नोव्हेंबरला पाळला जाणारा मराठी रंगभूमी दिन हा १८४३ मध्ये सांगलीत झालेल्या नाट्यप्रयोगाशी जोडलेला आहे आणि त्याची तारीख ठरलेली आहे. गीतरामायणाच्या बाबतीत लोकांनी तारखेपेक्षा तिथीच अधिक जवळची मानली. रामनवमीच्या सुमारास गावोगावच्या मंदिरांत, शाळांत आणि सभागृहांत त्याचे कार्यक्रम होतात.

नभोवाणीकडून रंगमंचाकडे

मूळ प्रसारण अनेक आवाजांचे होते. फडके यांच्यासह माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक, मालती पांडे, बबनराव नावडीकर आदी गायक-गायिकांनी निरनिराळ्या पात्रांची गीते गायिली. मालिका चालू असतानाच पुण्यातील वृत्तपत्रे गीतांचे शब्द छापू लागली. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीला, सर्व गीते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यानंतर २८ मे १९५८ रोजी माडगूळकरांच्या पुण्यातील 'पंचवटी' या निवासस्थानी फडके यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला.

पुढे फडके एकटेच सर्व पात्रांची गीते गाऊ लागले. प्रभाकर जोग यांच्या व्हायोलिनची साथ अनेक कार्यक्रमांना लाभली. एच.एम.व्ही.ने फडके यांच्या आवाजातील दहा ध्वनिमुद्रिकांचा संच काढला. नंतरच्या पिढ्यांना परिचित असलेले गीतरामायण हे प्रामुख्याने या एका आवाजातले आहे. महोत्सव नभोवाणीवरील बहुआवाजी मालिकेच्या आरंभाचे असले, तरी श्रोत्यांच्या मनात असते ते फडके यांचे रंगमंचावरील गायन.

रौप्य महोत्सव

१९५५ ची रामनवमी पहिली धरली तर १९७९ ची पंचविसावी ठरते. त्या वर्षी पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल, रमणबाग येथे आठ दिवसांचा रौप्य महोत्सव झाला. फडके यांच्या मराठी गायनाबरोबर अन्य भारतीय भाषांतील अनुवादही त्यात सादर झाले. हे अनुवाद मूळ वृत्तांना व चालींना धरून केलेले असल्यामुळे ते फडके यांच्याच चालींवर गाता येतात. १४ डिसेंबर १९७७ रोजी माडगूळकरांचे निधन झाले होते. त्यामुळे हा सोहळा कवीच्या पश्चात पार पडला.

सुवर्ण महोत्सव आणि जन्मशताब्दी

प्रसारणाच्या आरंभाला २००५ मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली. तत्पूर्वी, २९ जुलै २००२ रोजी, फडके यांचेही निधन झाले होते. त्यामुळे सुवर्ण महोत्सवाच्या वेळी कवी आणि संगीतकार दोघेही हयात नव्हते. गायनाची परंपरा फडके यांचे पुत्र श्रीधर फडके आणि इतर गायकांनी चालू ठेवली.

फडके यांचा जन्म २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरात, तर माडगूळकरांचा १ ऑक्टोबर १९१९ रोजी सांगली जिल्ह्यातील शेटफळे येथे झाला. त्यामुळे २०१८-१९ मध्ये दोघांची जन्मशताब्दी एकत्रच आली. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी जन्मलेल्या पु. ल. देशपांडे यांची शताब्दीही याच काळात झाली.

आगामी टप्पा

गीतरामायणाच्या प्रसारणाला २०३० मध्ये ७५ वर्षे पूर्ण होतील.