अद्भुताचा मुलूख (लेखांक सातवा) : जिन्याखालच्या फडताळातील वारस

नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली ‘मंजुघोषा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या प्रस्तावनेत त्यांनी एक कैफियत मांडली, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ती कैफियत खुद्द कादंबरीहून अधिक काळ टिकून राहिली. तिचा मथितार्थ असा, की आपल्या लोकांचे विवाह, आचार आणि एकंदर आयुष्यक्रम इतका ठरीव व मिळमिळीत आहे, की त्यात मनोरंजक असे काही घडतच नाही. सबब नित्याच्या व्यवहारावर लिहू जाता वाचकास गोडी लागणार नाही, आणि अद्भुताचा आश्रय केल्यावाचून ग्रंथकारास गत्यंतर नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८८५ साली ‘मधली स्थिती’ लिहिली, नंतर ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये नायिका यमूला बोलते केले, आणि कादंबरीला लागणारे सारे सुखदुःख आपल्याच माजघरात आहे असा या कैफियतीचा निकाल लावला. निकाल न्याय्य होता यात शंका नाही. परंतु त्यामुळे अद्भुत आणि घर यांची आपल्याकडे जी फारकत झाली, ती आजतागायत मिटलेली नाही. घर प्रौढांच्या वाट्यास आले, आणि अद्भुताची रवानगी लहान मुलांच्या कपाटात झाली.

गेल्या आठवड्यात आपण आमच्या नाशिकच्या देवदत्त नारायण टिळकांनी लुईस कॅरोलच्या अॅलिसला ‘वेणू वेडगावात’ या नावाने मराठी वेष कसा चढविला ते पाहिले. वेणूचे वय ओलांडलेल्या, पण अद्याप प्रौढ न झालेल्या बारा ते सोळा वर्षांच्या वाचकाने मग काय वाचावे, हा प्रश्न तेथे शिल्लक राहिला होता. त्यासाठी या आठवड्यात जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची पहिली कादंबरी घेतली आहे. अनेक प्रकाशकांनी साभार परत केलेली ही कादंबरी २६ जून १९९७ रोजी लंडनच्या ब्लूम्सबरीने काढली, तेव्हा पहिल्या मुद्रणाच्या अवघ्या ५०० प्रती होत्या. मराठीत ती भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आणली. पुस्तकाच्या खपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; मला येथे लिहावयाचे आहे ते रिसबूडांच्या कैफियतीला या पुस्तकाने दिलेल्या उत्तराविषयी.

ते उत्तर पहिल्याच प्रकरणांत आहे. आईबापांवाचून पोरका झालेला हॅरी मावशीच्या घरी जिन्याखालच्या फडताळात, कोळ्यांच्या संगतीत, मावसभावाचे जुने कपडे घालून वाढतो. मावशीचा नवरा गिरमिटे बनविणाऱ्या कारखान्याचा संचालक आहे, आणि ज्यात कल्पनेला वाव आहे अशा प्रत्येक गोष्टीचा त्याला तिटकारा आहे. रिसबूडांनी ज्या आयुष्याला नीरस म्हटले, त्याचा याहून नमुनेदार मासला मिळणे कठीण. आणि लेखिकेने अद्भुताला प्रवेश दिला तो नेमका याच घराच्या दारातून, टपालाच्या रूपाने. मुलाच्या नावे जादूच्या शाळेचे पत्र येते आणि पत्त्यात जिन्याखालच्या फडताळाचा स्पष्ट उल्लेख असतो. घाबरलेला काका मुलाला वरच्या मजल्यावरील लहान खोलीत हलवितो, तर दुसऱ्या पत्रावर त्या खोलीचा पत्ता! काका पत्रांची फट खिळे ठोकून बंद करतो, तर दोन डझन अंड्यांच्या कवचांतून गुंडाळलेली पत्रे निघतात. तो कुटुंबकबिला घेऊन हॉटेलात पळतो, तेथेही खोलीच्या क्रमांकासह पत्र हजर. अखेर भर समुद्रातील खडकावरच्या झोपडीत, जमिनीवर निजलेल्या त्या मुलाला त्याच्या अकराव्या वाढदिवसाच्या मध्यरात्री जे पत्र मिळते, त्यावर झोपडीतील ‘जमीन’ हाच पत्ता असतो. ज्या मुलाला घरात कोणी मोजतच नव्हते, त्याची नोंद कोठेतरी एका दप्तरात इतक्या काटेकोरपणे ठेवली जात होती, ही जाणीव वाचकाला ज्या क्षणी होते, त्या क्षणी त्याचा गळा दाटून येतो. माझ्या मते संपूर्ण पुस्तकात याहून मोठा चमत्कार नाही.

आणि तेथून पुढे लेखिकेने उभे केलेले राज्यही याच काटेकोरपणाने चालते. गॅलियन नावाच्या सोन्याच्या नाण्याचे सतरा सिकल, एका सिकलचे एकोणतीस नट, असा हिशेब राखणारी पेढी तेथे आहे. शाळेच्या पत्रासोबत झगे, कढई, दुर्बीण यांची यादी आहे, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास स्वतःचा झाडू बाळगण्याची मनाई आहे. ड्रॅगन पाळण्यास १७०९ सालच्या परिषदेने बंदी घातली आहे. (त्या सुमारास आपल्याकडे शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक होऊन जेमतेम वर्ष लोटले होते, अशी सनावळी वाचली म्हणजे त्या खोट्या कायद्यालाही इतिहासाचा वास येऊ लागतो.) अद्भुताला कायदा असला म्हणजे त्याचा रस आटतो, अशी आपली एक समजूत आहे; वस्तुस्थिती याच्या उलट आहे. वाटेल ते घडू शकते अशा जगात वाचकाला कशाचीच काळजी उरत नाही, आणि काळजीवाचून कथा पुढे सरकत नाही.

या कायद्याचे सर्वांत कठोर कलम आरशाच्या प्रकरणात वाचावयास मिळते. रात्री शाळेत चोरून हिंडताना हॅरीला एक आरसा सापडतो. त्यात बघणाऱ्याच्या अंतःकरणातील उत्कट इच्छा दिसते. मोठ्या भावंडांच्या सावलीत वाढलेल्या त्याच्या रॉन या मित्राला तो स्वतः विद्यार्थ्यांचा प्रमुख झालेला दिसतो, आणि हॅरीला दिसतात त्याचे मृत आईवडील, आणि त्यांच्यामागे कधीही न पाहिलेले गणगोत. तो पुन्हा पुन्हा तेथे जाऊन बसतो, तेव्हा वृद्ध मुख्याध्यापक त्याला समजावतात, की या आरशासमोर बसून माणसे झुरून संपली आहेत, आणि त्यात ज्ञानही नाही व सत्यही नाही. एवढी मोठी जादूची विद्या, पण गेलेली आई ती परत आणू शकत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगणारी लेखिका त्याला लहान समजत नाही, आणि म्हणूनच कुमारवयीन वाचकाने तिच्यावर विश्वास टाकला असावा.

पुस्तकात दोष आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. शाळेच्या चार गृहांपैकी एका गृहातील जवळजवळ सगळी मुले दुष्ट ठरविणे हा न्याय नव्हे; मावसभावाच्या लठ्ठपणाची वारंवार केलेली हेटाळणी मनाला खटकते; आणि शेवटच्या मेजवानीत मुख्याध्यापकांनी ऐनवेळी गुण वाटून निकाल फिरविणे, हा कारभार कोणत्याही शाळेत तक्रारीस पात्र ठरेल. तथापि त्याच प्रसंगी नेव्हिल नावाच्या भित्र्या, विसराळू मुलाला, शत्रूपुढे नव्हे तर मित्रांपुढे उभे राहून त्यांना अडविल्याबद्दल जे दहा गुण मिळतात, त्यांचे मोल मी सगळ्या युद्धप्रसंगांहून अधिक समजतो.

आता आपल्याकडे वळू. नित्याचे आयुष्य आणि अद्भुत यांची सांगड घालावयास नाशिकइतके सोयीचे गाव शोधून सापडावयाचे नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याचा आकडा शासकीय यंत्रणा वेळोवेळी जाहीर करते. परंतु घाटावरचा दुकानदार, दुकानातला माल वर उचलण्यापूर्वी, पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले की गळ्यापर्यंत, एवढेच विचारतो, आणि त्या उत्तरावर त्याचा पुढचा व्यवहार अवलंबून असतो. पलीकडे १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळावर, वसईच्या विजयात पोर्तुगीजांकडून आली असे सांगितली जाणारी घंटा टांगलेली आहे. नदीपात्रात उभा असलेला दोन तोंडांचा देव, परमुलखातून आलेली घंटा, सीतागुंफेचा अरुंद जिना आणि त्या सगळ्यांच्या मधून दप्तर पाठीला लावून सायकलवरून शिकवणीला जाणारी तेरा वर्षांची मुलगी, एवढे साहित्य हाताशी असताना आमच्या कुमारांसाठी लिहिणाऱ्यांनी पुनःपुन्हा राजपुत्र आणि राक्षस यांच्याकडेच का जावे, हे मला उमगत नाही. पुराणकथा नव्या भाषेत सांगणे वेगळे, आणि पुराणाच्या छायेत राहणाऱ्या आजच्या मुलाची नवी कथा रचणे वेगळे. दुसरे काम अद्याप व्हावयाचे आहे.

ते होईपर्यंत शाळांच्या ग्रंथपालांनी हे मराठी पुस्तक कुलपात न ठेवता मुलांच्या हाती द्यावे, आणि पालकांनी अभ्यासाच्या सबबीखाली ते काढून घेऊ नये. पुढील आठवड्यात नाथमाधवांच्या १९१३ सालच्या ‘वीरधवल’ या कादंबरीकडे जावयाचे आहे; ज्यांच्या घरी तिची जुनी प्रत असेल, त्यांनी ती माळ्यावरून उतरवून ठेवावी.